आरमधील ऑब्जेक्ट जतन कसे करावेत आणि परत कसे वाचावेत

पावसाळ्यात पुण्यात रोज सकाळी एक आकडा घरोघरी विचारला जातो, तो म्हणजे खडकवासला प्रकल्पातील चार धरणांत मिळून किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी झाले. टेमघरची उपयुक्त साठवण क्षमता ३.७१ टीएमसी, वरसगावची १२.८२, पानशेतची १०.६५ आणि खडकवासल्याची १.९७, अशी चौघांची मिळून ती २९.१५ टीएमसी होते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आर ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना मी याच धरणांच्या रोजच्या नोंदी उदाहरण म्हणून घेते, कारण आकडा चुकला तर तो चुकल्याचे वर्गातल्या कोणाच्याही लगेच लक्षात येते.

या नोंदींचे तक्ते नीट करून, तारखा एका रूपात आणून, धरणांच्या नावांतील शुद्धलेखनाचे घोळ निस्तरून आपण आरमध्ये ‘साठा’ नावाचा एक डेटाफ्रेम, म्हणजे ओळी आणि स्तंभांचा तक्ता, तयार केला, असे समजू. हे काम दोन-तीन तासांचे असते. परंतु तयार झालेला हा ऑब्जेक्ट (आरमध्ये नाव देऊन ठेवलेल्या कोणत्याही गोष्टीला ऑब्जेक्ट म्हणतात) संगणकाच्या केवळ तात्पुरत्या स्मृतीत असतो आणि आरचे सेशन बंद झाले की तोही जातो. तो फाइलमध्ये कसा ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्याच संगणकावर जसाच्या तसा परत कसा मिळवावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पुढे दिलेल्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकित करायच्या आहेत. आर लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांत फरक करते, त्यामुळे ‘सेव्हआरडीएस’ आणि ‘रीडआरडीएस’ या नावांतील पहिला शब्द लहान लिपीत आणि ‘आरडीएस’ ही तीन अक्षरे मोठ्या लिपीत लिहावीत. ‘सेव्ह’ आणि ‘लोड’ ही फंक्शने मात्र पूर्णपणे लहान लिपीत आहेत. ऑब्जेक्टची नावेही रोमन लिपीतच ठेवावीत. डेटाफ्रेमच्या आतील मजकूर देवनागरीत असायला काहीच हरकत नाही.

एक ऑब्जेक्ट, एक फाइल

बहुतेक वेळा आपल्याला एकच ऑब्जेक्ट जपायचा असतो आणि त्यासाठी पुढील जोडी पुरेशी आहे.

सेव्हआरडीएस(साठा, "साठा_२०२४.आरडीएस")

साठा२४ <- रीडआरडीएस("साठा_२०२४.आरडीएस")

पहिली कमांड ऑब्जेक्ट फाइलमध्ये लिहिते आणि दुसरी तो वाचून आपल्या हाती देते. फाइलमध्ये ऑब्जेक्ट असतो, पण त्याचे नाव नसते. म्हणूनच वाचताना डाव्या बाजूला आपण नवे नाव देऊ शकतो आणि २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांचे साठे ‘साठा२३’ आणि ‘साठा२४’ म्हणून शेजारी-शेजारी ठेवून त्यांची तुलना करू शकतो. डावीकडे नाव न देता नुसते ‘रीडआरडीएस’ चालवले, तर सगळा डेटाफ्रेम पडद्यावर छापला जातो आणि हाती काहीच राहत नाही. नवशिक्यांकडून हे हमखास होते.

सीएसव्ही फाइल असताना आरडीएसची गरज काय, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. सीएसव्ही हा स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मूल्यांचा साधा मजकूर असतो. त्यात मूल्ये उतरतात, पण त्या मूल्यांविषयी आरला जे ठाऊक असते ते उतरत नाही. आपल्या ‘साठा’मध्ये धरणाचे नाव हा फॅक्टर आहे, म्हणजे ठरावीक गटांचा स्तंभ, ज्यातील गटांना पातळ्या म्हणतात, आणि पाणी ज्या क्रमाने खाली येते तो ध्यानात ठेवून आपण त्याच्या पातळ्या टेमघर, वरसगाव, पानशेत आणि शेवटी खडकवासला अशा लावल्या आहेत, कारण वरच्या तिन्ही धरणांचे पाणी खडकवासल्यातच येते. हा डेटाफ्रेम सीएसव्हीत लिहून परत वाचला की धरणाचे नाव नुसता मजकूर होते आणि त्याचा पुन्हा फॅक्टर केला तर पातळ्या वर्णानुक्रमे लागतात: खडकवासला, टेमघर, पानशेत, वरसगाव. आलेखात सर्वांत खालचे धरण सर्वांत आधी येऊन बसते. तारखांचेही तसेच; ‘डेट’ वर्गाचा स्तंभ मजकूर म्हणून परत येतो आणि दोन तारखांमधील दिवस मोजायला गेलो की आर तक्रार करते. आरडीएसमध्ये फॅक्टरच्या पातळ्या, तारखांचा वर्ग, स्तंभांना जोडलेली गुणवैशिष्ट्ये आणि दशांशांची पूर्ण अचूकता हे सगळे टिकते.

देवनागरी मजकुराबाबतही हाच फरक जाणवतो. युटीएफ-८ या एन्कोडिंगमधील (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतील) सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली, की ‘पानशेत’च्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसते, हे पुण्यातल्या कोणत्याही कार्यालयात पाहायला मिळेल. एक्सेल वापरणाऱ्या सहकाऱ्यासाठी फाइल करायचीच असेल, तर रीडर या पॅकेजमधील (आरला वरून जोडायच्या फंक्शनांच्या संचातील) ‘राइट_एक्सेल_सीएसव्ही’ वापरावे. ते फाइलच्या सुरुवातीला एक खूण लिहिते आणि त्यावरून एक्सेल लिपी ओळखते. आरडीएसमध्ये मजकुराबरोबर त्याच्या एन्कोडिंगची खूणही जात असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र ज्यांच्याकडे आर नाही, त्यांना आरडीएस फाइलचा काहीही उपयोग नाही. त्यामुळे माझा शिरस्ता असा आहे, की स्वतःच्या कामासाठी आरडीएस, इतरांना देण्यासाठी सीएसव्ही, आणि पायथन वापरणाऱ्या सहकाऱ्याबरोबर मोठ्या तक्त्यांची देवघेव असेल तर ॲरो पॅकेजच्या साहाय्याने पार्के या प्रकारची फाइल.

अनेक ऑब्जेक्ट एकत्र, आणि त्यातली खोच

‘सेव्ह’ हे फंक्शन एका फाइलमध्ये हवे तितके ऑब्जेक्ट त्यांच्या नावांसकट ठेवते.

सेव्ह(साठा, पाऊस, विसर्ग, फाइल = "मुठा_खोरे.आरडेटा")

लोड("मुठा_खोरे.आरडेटा")

येथे ‘फाइल =’ हे लिहावेच लागते. ते विसरले तर आर फाइलचे नावही ऑब्जेक्टच समजते आणि फाइल सांगितली नसल्याचा निरोप देऊन थांबते. ‘लोड’ केल्यावर तिन्ही ऑब्जेक्ट आपापल्या मूळ नावांनी वर्कस्पेसमध्ये, म्हणजे चालू सेशनमधील ऑब्जेक्ट जेथे असतात तेथे, येतात. हे सोयीचे वाटते खरे, पण त्या नावाचा दुसरा ऑब्जेक्ट तेथे आधीपासून असेल, तर ‘लोड’ तो काहीही न विचारता पुसून टाकते. इशारा नाही, प्रश्न नाही. एका जुलैत मी चालू वर्षाच्या ‘साठा’वर दुपारभर काम केले होते आणि तुलनेसाठी मागील वर्षाची फाइल ‘लोड’ केली. तिच्यातील ऑब्जेक्टचे नावही अर्थातच ‘साठा’ होते. मी निश्चिंतपणे आलेख काढले, ते वर्गात दाखवले आणि मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, की आलेखाखाली मागच्या वर्षाच्या तारखा का आहेत. दुपारचे काम कोठेही जतन केलेले नव्हते.

तेव्हापासून कोणतीही आरडेटा फाइल मी थेट वर्कस्पेसमध्ये उघडत नाही. तिच्यासाठी आधी एक वेगळे एन्व्हायर्नमेंट, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायचा स्वतंत्र कप्पा, तयार करते आणि तिथे ती उतरवते.

जुने <- न्यू.एन्व्ह()

लोड("मुठा_खोरे.आरडेटा", एन्व्हिर = जुने)

एलएस(जुने)

शेवटची ओळ आत कोणकोणते ऑब्जेक्ट आले ते सांगते. त्यातील हवा तो ‘जुने$साठा’ असे लिहून घ्यावा. वेगळे एन्व्हायर्नमेंट करण्याचा कंटाळा असेल, तर निदान ‘लोड’मध्ये ‘व्हर्बोज = ट्रू’ एवढे तरी लिहावे, म्हणजे फाइलमधून काय आले त्याची यादी पडद्यावर येते. ती अर्थात पुसले गेल्यानंतर येते.

दुसरी नेहमीची चूक अशी, की ‘रीडआरडीएस’ची सवय झालेला विद्यार्थी ‘साठा <- लोड("मुठा_खोरे.आरडेटा")’ असे लिहितो आणि ‘साठा’ उघडून पाहतो तर त्यात आकड्यांऐवजी नुसती तीन नावे असतात. ‘लोड’चे उत्तर म्हणजे वर्कस्पेसमध्ये आलेल्या ऑब्जेक्टच्या नावांची यादी, ऑब्जेक्ट स्वतः आलेलेच असतात, पण त्यांच्या मूळ नावांनी. वरच्या ओळीत तर फाइलमधून आलेला खरा ‘साठा’ त्याच नावाच्या यादीखाली लगेच गाडला गेला.

अनेक ऑब्जेक्ट एकत्र ठेवायचे असतील तर ‘सेव्ह’च वापरले पाहिजे असे नाही. ते सगळे एका लिस्टमध्ये घालून ती लिस्ट ‘सेव्हआरडीएस’ने लिहिली, तर ऑब्जेक्टही एकत्र राहतात आणि नाव देण्याचा अधिकारही आपल्याकडे राहतो. मी स्वतः ‘सेव्ह’ आता क्वचितच वापरते.

दोन्ही प्रकारच्या फाइलींची अदलाबदल झाली, तर जे निरोप येतात ते उगाच घाबरवणारे आहेत. आरडीएस फाइल ‘लोड’ने उघडली की फाइलची मॅजिक संख्या (फाइलचा प्रकार ओळखण्याची सुरुवातीची खूण) चुकीची असून फाइल कदाचित खराब झाली आहे, असे आर सांगते; उलट आरडेटा फाइल ‘रीडआरडीएस’ने वाचली की फाइलचे रूप अनोळखी असल्याचा निरोप येतो. दोन्ही वेळा फाइल बहुधा धडधाकट असते आणि फक्त फंक्शन चुकलेले असते. फाइलच्या नावाचे शेपूट हा केवळ संकेत आहे, आर त्याकडे पाहत नाही. म्हणून एखाद्याने आरडीएस फाइलला आरडेटा असे नाव दिले असेल, तर दोन्ही फंक्शने वापरून पाहावीत.

बाहेर पडताना विचारला जाणारा प्रश्न

आर बंद करताना वर्कस्पेस जतन करायचे का, असा प्रश्न येतो. ‘हो’ म्हटले की त्या वेळी वर्कस्पेसमध्ये असलेले सगळे ऑब्जेक्ट, कामाचे आणि बिनकामाचे, चालू फोल्डरमधील ‘.आरडेटा’ या फाइलमध्ये लिहिले जातात आणि पुढच्या वेळी त्याच फोल्डरमध्ये आर सुरू केले की आपोआप परत येतात. काम जपले गेले असे यात वाटते, पण ‘साठा’मधील एखादा स्तंभ तीन आठवड्यांपूर्वी कोणत्या कमांडने बदलला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही, आणि आपली स्क्रिप्ट फक्त आपल्याच संगणकावर चालते, कारण ती गुपचूप जुन्या ऑब्जेक्टच्या आधारावर उभी असते. या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे. आरस्टुडिओमध्ये (आर वापरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) टूल्स, मग ग्लोबल ऑप्शन्स येथे जाऊन सुरुवातीला वर्कस्पेस परत आणण्यासमोरील खूण काढावी आणि बाहेर पडताना जतन करण्यासमोर ‘नेव्हर’ निवडावे. जपायची ती स्क्रिप्ट. ऑब्जेक्ट फक्त तेवढेच, जे पुन्हा तयार करायला वेळ लागतो, आणि तेही नाव देऊन, स्वतःच्या कमांडने.

फाइल कोठे गेली हे न सापडणे ही यानंतरची तक्रार. पूर्ण पत्ता दिला नसेल तर फाइल आरच्या चालू फोल्डरमध्ये लिहिली जाते आणि तो फोल्डर कोणता, हे ‘गेटडब्ल्यूडी’ सांगते. विंडोजवर पत्ता थेट चिकटवला तर त्यातील उलटी तिरकी रेघ आरला वेगळ्याच अर्थाची वाटते. ती सुलटी तरी करावी किंवा दोनदा तरी लिहावी. प्रत्येक कामासाठी आरस्टुडिओत एक प्रोजेक्ट करावा आणि त्यात ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइली ठेवाव्यात, म्हणजे पत्ता "डेटा/साठा_२०२४.आरडीएस" एवढाच लिहावा लागतो आणि तो सगळ्यांच्या संगणकांवर चालतो. फाइलच्या नावात तारीख घालायची असेल तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने घालावी. दिवस आधी घातला की फोल्डरमध्ये जुलैची फाइल जूनच्या आधी येऊन बसते.

जे जसेच्या तसे परत येत नाही

आरडीएसमध्ये सगळे टिकते असे वर म्हटले, पण खरे तर जवळजवळ सगळे; त्या ‘जवळजवळ’मध्ये काही गोष्टी येतात आणि त्या ठाऊक नसल्या तर नुकसान होते.

पहिली गोष्ट वेळेची आहे. आर वेळेची नोंद १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशी ठेवते आणि दाखवताना ती टाइमझोनप्रमाणे बदलून दाखवते. ‘विसर्ग’ या डेटाफ्रेममध्ये धरणातून पाणी केव्हा सोडले याची वेळ आपण टाइमझोन न सांगता लिहिली असेल, तर फाइल जो वाचेल त्याच्या संगणकाचा टाइमझोन लागू होतो. पुण्यात पहाटे ४ वाजताची नोंद लंडनमधील सहकाऱ्याला जुलैत आदल्या रात्री साडेअकराची दिसेल, म्हणजे तासच काय, तारीखही बदलेल, आणि दिवसागणिक बेरीज केली तर ते पाणी आदल्या दिवसाच्या खात्यात जाईल. त्यासाठी वेळेचा स्तंभ तयार करतानाच टाइमझोन "आशिया/कोलकाता" असा द्यावा. मग तो ऑब्जेक्टबरोबर फाइलमध्ये जातो.

दुसरी गोष्ट अशा ऑब्जेक्टची, ज्यांचा खरा ऐवज आरच्या बाहेर असतो. डेटाबेसशी केलेली जोडणी जतन करता येत नाही. परत वाचल्यावर मिळते ती मृत जोडणी. पाणलोट क्षेत्राचा नकाशा टेरा पॅकेजमध्ये रास्टर (चौकोनांच्या जाळीचा नकाशा) म्हणून घेतला असेल, तर तो ऑब्जेक्ट म्हणजे स्मृतीतील एका जागेकडे दाखवणारे बोट असते. तो आधी ‘रॅप’ करून ठेवावा आणि वाचल्यावर ‘अनरॅप’ करावा, किंवा सरळ जिओटिफ या नकाशाच्या फाइलप्रकारात लिहावा. डेटा.टेबल पॅकेजचा तक्ता मात्र आरडीएसमधून सुखरूप येतो. वाचल्यावर त्यावर एकदा ‘सेटडीटी’ चालवले म्हणजे झाले.

तिसरी गोष्ट अशी, की फाइल अपेक्षेपेक्षा फार मोठी होते. पावसावरून साठ्याचा अंदाज करणारे साधे ‘एलएम’ (रेषीय) मॉडेल आपण एखाद्या फंक्शनच्या आत तयार केले, ते परत दिले आणि जतन केले, तर त्या मॉडेलच्या सूत्राबरोबर त्या फंक्शनचे संपूर्ण एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये जाते. आत कोठे तात्पुरता म्हणून वाचलेला दहा वर्षांचा तासागणिक पाऊस असेल, तर तोसुद्धा. तेच मॉडेल फंक्शनबाहेर केले असते तर असे झाले नसते, कारण मुख्य वर्कस्पेसचा केवळ निर्देश फाइलमध्ये जातो, त्यातील ऐवज जात नाही. ‘ऑब्जेक्ट.साइज’ने हा बोजा दिसत नाही, कारण ते एन्व्हायर्नमेंटच्या आत डोकावत नाही. फंक्शनमधून मॉडेल परत देण्याआधी तात्पुरते मोठे ऑब्जेक्ट ‘आरएम’ने काढून टाकावेत, किंवा मॉडेलऐवजी त्याचे सहगुणक आणि आपल्याला लागणारे आकडे एवढेच जतन करावेत.

फाइलचा आकार, आवृत्ती आणि विश्वास

‘सेव्हआरडीएस’ फाइल आपोआप जीझिपने आवळते आणि रोजच्या कामाला ते पुरते. फाइल दीर्घकाळ ठेवायची किंवा ईमेलने पाठवायची असेल तर ‘कॉम्प्रेस = "एक्सझेड"’ लिहावे; लिहायला वेळ अधिक लागतो, पण फाइल बऱ्याचदा लक्षणीय लहान होते. उलट, मोठा ऑब्जेक्ट दर काही मिनिटांनी लिहायचा असेल तर ‘कॉम्प्रेस = फॉल्स’ करावे. वाचताना काहीच सांगावे लागत नाही. फाइल कशी आवळली आहे ते आर स्वतः ओळखते.

लिहिणे चालू असताना वीज गेली तर अर्धवट फाइल उरते आणि तिने जुनी चांगली फाइलही गिळलेली असते. म्हणून महत्त्वाची फाइल लिहिताना ती आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहावी आणि लिहून पूर्ण झाल्यावर ‘फाइल.रिनेम’ने तिला खरे नाव द्यावे. जतन केल्यानंतर लगेच ‘आयडेंटिकल(साठा, रीडआरडीएस("डेटा/साठा_२०२४.आरडीएस"))’ ही कमांड चालवून ‘ट्रू’ येते का ते पाहावे. मूळ सेशन बंद करण्यापूर्वीच हे करायचे, कारण नंतर पडताळून पाहायला मूळ ऑब्जेक्टच शिल्लक नसतो.

आरच्या आवृत्तीमुळे अडचण आलीच तर ती जुन्या संगणकांवर येते. फाइलच्या मांडणीची तिसरी आवृत्ती आर ३.५.० मध्ये आली आणि ३.६.० पासून तीच आपोआप वापरली जाते; ३.५.० पूर्वीचे आर ती वाचू शकत नाही. प्रयोगशाळेत असे जुने आर असेल आणि ते बदलणे आपल्या हाती नसेल, तर जतन करताना ‘व्हर्जन = २’ लिहावे. नव्या आरला दोन्ही मांडण्या वाचता येतात.

अनोळखी माणसाकडून आलेली आरडीएस किंवा आरडेटा फाइल मात्र उघडू नये. फाइल तयार करणाऱ्याला तिच्यातून आपल्या संगणकावर हवा तो कोड चालवता येईल, अशी एक त्रुटी २०२४ मध्ये उघड झाली आणि आर ४.४.० मध्ये ती दुरुस्त केली गेली; त्याआधीची आवृत्ती असेल तर ती आधी बदलावी. बदलली तरीही आरडेटा फाइलमध्ये फंक्शने असू शकतात आणि ‘लोड’ केल्यावर ती आपल्याच एखाद्या फंक्शनच्या नावाने वर्कस्पेसमध्ये येऊन बसू शकतात. पाठवणारा ओळखीचा नसेल तर त्याच्याकडे सीएसव्ही मागावी, मग धरणांच्या पातळ्या पुन्हा लावायला पाच मिनिटे गेली तरी चालतील.